मिरजेहून सवाईला: गाडी काढण्यापासून तंबोरे जुळेपर्यंत

आमचे अण्णा तरुणपणी एसटीने पुण्याच्या सवाईला, म्हणजे सवाई गंधर्व संगीत महोत्सवाला जायचे. रमणबागेच्या मैदानावर रात्रभर गाणं ऐकायचं, पहाटे चहा घ्यायचा आणि स्वारगेटवर जी पहिली सांगली गाडी लागेल तिच्यात बसून झोपायचं. रात्र गाण्याची आणि सकाळ प्रवासाची, अशी वाटणी आपोआप व्हायची. आता ते गणित उलटं झालंय. ध्वनिप्रदूषणाचे २००० सालचे नियम आले आणि रात्री १० नंतर ध्वनिक्षेपक बंद झाले. वर्षातले जास्तीत जास्त १५ दिवस १२ वाजेपर्यंत सवलत देता येते, त्यातला एखादा दिवस महोत्सवाच्या शनिवारला मिळतो. म्हणजे गाणं दुपारी सुरू होतं आणि प्रवास त्याच्या आधी उरकावा लागतो. चार-पाच तास गाडीत हादरून, हॉर्न ऐकून, उन्हात पार्किंग शोधून माणूस मंडपात येऊन टेकतो, आणि समोर विलंबित ख्याल, म्हणजे संथ लयीतलं गाणं, सुरू होतो.

एका वर्षी माझं नेमकं हेच झालं. निघायला उशीर, कराडला पोटभर नाश्ता, पुढे एका नाक्यावर फास्टॅग चालेना म्हणून अर्धा तास गेला. धावतपळत बैठकीत जागा धरली. ज्यांच्यासाठी गेलो होतो त्यांचा षड्ज, म्हणजे सा, लागला, आणि माझे डोळे मिटले ते शेवटचा जलद भाग, द्रुत, सुरू झाल्यावर उघडले. बडा ख्याल, म्हणजे तो विलंबित भाग, संपूर्ण गेला. २३५ किलोमीटर आलो होतो त्याच्यासाठी. त्यानंतर मी ही सहल ज्या पद्धतीने आखतो ती इथे सविस्तर लिहितोय. सगळी आखणी एकाच गोष्टीभोवती फिरते: मंडपात शिरताना कान आणि डोकं ताजं असलं पाहिजे. बाकी सगळं मागेपुढे चालतं.

आधी दिवस ठरवा, मग गाडी

महोत्सव डिसेंबरात असतो. भीमसेन जोशींनी आपले गुरू सवाई गंधर्व, म्हणजे रामभाऊ कुंदगोळकर, यांच्या स्मरणार्थ १९५३ मध्ये तो सुरू केला. भीमसेनजी २०११ मध्ये गेल्यावर नावात त्यांचंही नाव जोडलं गेलं. २०१८ पासून तो मुकुंदनगरच्या महाराष्ट्रीय मंडळाच्या क्रीडा संकुलात भरतो. हे मुद्दाम सांगतोय, कारण आमच्याकडच्या जुन्या मंडळींच्या तोंडी अजून रमणबागच आहे, आणि एका कुटुंबाची गाडी खरोखर शनिवार पेठेत, जुन्या रमणबागेपाशी, जाऊन उभी राहिली होती.

कलाकारांची यादी महोत्सव भरवणारं आर्य संगीत प्रसारक मंडळ काही आठवडे आधी जाहीर करतं. दिवसवार क्रम आला की आपला गायक कुठल्या दिवशी आणि कितवा, हे आधी बघायचं. आमच्या गाडीतल्या चौघांचे प्राण पंडित व्यंकटेश कुमारांत अडकलेले आहेत. धारवाडचे, गदगच्या वीरेश्वर पुण्याश्रमात पुट्टराज गवईंकडे शिकलेले. आमच्या मिरजेत घरोघरी कन्नड कानावर असते, त्यामुळे ते ख्यालानंतर दासपद किंवा वचन, म्हणजे कन्नड भक्तिपद, घेतात तेव्हा आमच्या आक्कांना अर्थ विचारावा लागत नाही. तुमचं दैवत वेगळं असेल. पण असेल ते एकच धरा. ‘सगळेच ऐकू’ म्हणून निघालेली गाडी कुणालाच धड ऐकत नाही, असा माझा अनुभव आहे.

क्रमावरून वेळेचा अंदाज असा काढतो. एका कलाकाराला साधारण तास-सव्वा तास, आणि मंच बदलायला, तंबोरे जुळवायला, सत्कार-निवेदनाला पंधरा-वीस मिनिटं. चारला सुरुवात असेल आणि आपला गायक तिसरा असेल, तर साडेसहा ते सात-सव्वासातच्या दरम्यान तो बसेल. शेवटचा असेल तर दहाच्या घड्याळाकडे बघत गाणार. ही बेरीज फक्त जेवण-औषधांच्या वेळा लावायला वापरायची. पोहोचायचं मात्र पहिल्या कलाकाराच्या आधीच.

पाच दिवसांचं सीझन तिकीट आणि एकेका दिवसाचं तिकीट, असे दोन प्रकार असतात. सांगलीहून जाणाऱ्याला शनिवार-रविवार सोयीचा पडतो, पण आवडता गायक बुधवारी असेल तर रजा काढा. शनिवारी दुसरं कुणीतरी चांगलं आहेच, ही समजूत घालून घेऊ नका. तिकीट ऑनलाइन मिळतं, आणि पुण्यातल्या ठरावीक दुकानांतही. भारतीय बैठक, म्हणजे जमिनीवर, की खुर्ची, हा निर्णय गुडघे बघून करायचा. सत्तरीपुढच्यांना आणि मांडी न घालता येणाऱ्यांना खुर्चीच घ्या. ‘एक दिवस चालवून घेईन’ म्हणणारे अण्णा दुसऱ्या तासाला पाय चोळत बसतात, आणि मग शेजारच्यांचंही लक्ष जातं.

गाडीत कोण

चार माणसं पुरेत. पाचव्याने मागची सीट गच्च होते आणि मधल्या माणसाची कंबर पुण्यापर्यंत टिकत नाही. चौघांत गाडी चालवणारे दोन हवेत. आमच्यात मी आणि माझा भाचा. भाच्याला गाण्यातलं फार कळत नाही, पण तो येतो, आणि आता मंडपात सम, म्हणजे तालाची पहिली मात्रा, आली की त्याची मान आमच्याआधी हलते.

रजेचं, औषधांचं, जेवणाचं सगळं आधी बोलून घ्या. मधुमेह असणाऱ्याची जेवणाची वेळ ही सगळ्या गाडीची जेवणाची वेळ. खर्चाचा हिशेब सोपा आहे: जाऊन-येऊन साधारण ४७० किलोमीटर, पुण्यातलं फिरणं वेगळं. गाडी लिटरला १५ देत असेल तर ३१-३२ लिटर पेट्रोल. अधिक सहा वेळा टोल. चौघांत भागलं की एसटी-रिक्षापेक्षा फार जास्त पडत नाही.

आठवडाभर आधी

टायरची हवा गाडी थंड असताना तपासा, स्टेपनीचीही. ब्रेक, वायपर, समोरचे दोन्ही दिवे. काच आतून पुसून घ्या. डिसेंबरात कृष्णाकाठी पहाटे धुकं असतं, आणि आतून मळलेल्या काचेवर समोरच्या गाडीचा दिवा पडला की काही दिसत नाही. विमा, पीयूसी बघा.

फास्टॅग मात्र निघायच्या दिवशी नाही, आठवडाभर आधी तपासा. नुसती शिल्लक नाही, केवायसी पूर्ण आहे का, टॅग काळ्या यादीत तर गेला नाही ना, हेही. माझा अर्धा तास गेला तो यातच. नोव्हेंबर २०२५ मध्ये नियम असा आला: टॅग चालला नाही तर रोखीने दुप्पट, यूपीआयने सव्वापट. वर्षभर पुण्याच्या फेऱ्या असतील तर वार्षिक पास परवडतो, २०२५ मध्ये तो ३००० रुपयांना सुरू झाला. त्यात २०० वेळा नाके ओलांडता येतात किंवा वर्ष, जे आधी संपेल ते. सांगली-पुणे वाटेत तासवडे, आनेवाडी आणि खेड-शिवापूर असे तीन नाके लागतात. म्हणजे एका सहलीला सहा.

याच आठवड्यात गायकाची एक-दोन जुनी ध्वनिमुद्रणं शांतपणे ऐका. घरी, रात्री, दुसरं काही न करता. याचं कारण पुढे येईल.

सामान

फार नको. शाल आणि स्वेटर हवेतच. मंडप बाजूंनी उघडा असतो आणि डिसेंबरात पुण्यात रात्री चांगला गारठा पडतो. कानटोपी नको, मफलर घ्या. कानटोपीने तार सप्तकातलं बरंच काही बुजतं. बैठकीत बसणाऱ्यांनी जाड सतरंजी आणि माणशी एक छोटी उशी. उशी पाठीला नाही, मांडीखाली, गुडघ्याच्या बाजूला सरकवायची. मैदानातल्या धुळीचा त्रास होणाऱ्यांनी मास्क.

आणि भडंग. सांगलीचा माणूस भडंगाशिवाय निघत नाही. पण ते पाकिटात नेऊ नका. मंडपात आलाप चालू असताना प्लास्टिकचं पाकीट उघडलं की तो कर्रर्र आवाज चार ओळी पुढे जातो. मी बघितलंय, गायकाची नजर त्या बाजूला वळली होती. आमच्या आक्का घरीच भडंग सुती पिशवीत भरतात. वर नाडी. हात आत घातला तरी आवाज होत नाही. आणि तेही दोन कलाकारांच्या मधल्या वेळेतच खायचं.

निघणं: मिरज, सकाळी सहा

सहाला निघालो तर साडेअकरा-बारापर्यंत पुण्यात. सरळ चालवलं तर चार-साडेचार तासांत पोहोचता येतं, पण ते साडेचार तास अंगावर येतात. मधे दोन थांबे धरा आणि साडेपाच-सहा तास मोजा. जेवण, तासभर पाठ टेकणं, आंघोळ, आणि मग मंडप. ही मधली झोप सोडू नका. सगळ्या आखणीत मला एकच गोष्ट ठेवायला सांगितली तर मी हीच ठेवेन.

आदल्या रात्री दहाला दिवे बंद. तिकिटं, आधार कार्ड, औषधं एका पिशवीत, आणि ती पिशवी चालवणाऱ्याच्या नव्हे, शेजारच्याच्या पायाशी.

आम्ही निघताना गाडी ख्वाजा शमना मीरा दर्ग्यापाशी दोन मिनिटं थांबवतो. अब्दुल करीम खाँसाहेब तिथे विसावलेत. पाँडिचेरीला निघाले असताना वाटेत प्रकृती बिघडली, तमिळनाडूतल्या सिंगपेरुमाळ कोईल स्टेशनवर उतरले आणि तिथेच २७ ऑक्टोबर १९३७ रोजी गेले. त्यांना मिरजेला आणलं. सवाई गंधर्व त्यांचे शिष्य आणि भीमसेनजी सवाई गंधर्वांचे. पुण्यात ज्यांच्या नावाने मंडप पडतो, त्यांचं गाणं आपल्या गल्लीतून गेलेलं आहे. मंचावर जे तंबोरे लागतात तेही पुष्कळदा मिरजेच्या सतारमेकर गल्लीतले. पंढरपूरकडचे भोपळे, इथल्या कारागिराच्या हातची जवारी, म्हणजे तारेला गुंज आणणारं घोडीवरचं काम. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं. ज्याने कधी तंबोरा जुळताना जवळून पाहिलेला नाही, त्याने पुण्याला जायच्या आधी एक दुपार त्या गल्लीत घालवावी. कारागीर घोडीवर तारेखाली सुताचा धागा सरकवतो. केसाएवढा मागे, केसाएवढा पुढे. एका जागी तार नुसती वाजायची थांबते आणि गुंजायला लागते. तो फरक एकदा कानाने धरला, की मंडपात गायक पाच मिनिटं तंबोरे का जुळवत बसलाय हे कळतं, आणि त्या पाच मिनिटांत कुणी गप्पा मारत नाही.

सांगली ते पेठ नाका: उसाचे ट्रॅक्टर

पहिले चाळीसेक किलोमीटर सगळ्यात जपून चालवायचे. तुंग, आष्टा, इस्लामपूर म्हणजे आताचं ईश्वरपूर, आणि पेठ नाका. डिसेंबर म्हणजे गाळपाचा भर. एका ट्रॅक्टरला दोन ट्रॉल्या, त्यांच्या दोन्ही अंगांनी बाहेर आलेला ऊस, आणि मागच्या ट्रॉलीला दिवा नाही की लाल पट्टी नाही. पहाटेच्या अंधारात धुकं असेल तर ती ट्रॉली दहा-पंधरा हातांवर येईपर्यंत दिसत नाही. म्हणून सहाच्या आधी निघायचा मोह टाळा. उजाडलेलं बरं. बैलगाड्यांचंही तेच.

ट्रॅक्टरला मागे टाकताना दोन ट्रॉल्यांची लांबी धरा. समोरून मोकळं दिसलं तरी ट्रॉली झोके खाते, आणि उसाच्या मोळ्या वरून सरकतात. हॉर्न एकदाच, लांबून. ट्रॅक्टरवर टेप चालू असेल तर त्याला तो ऐकूच जात नाही, हे गृहीत धरून चालवा.

पेठ नाक्याला महामार्ग लागला की पहिला थांबा. दहा मिनिटं, चहा, पाय मोकळे. चालवणारा इथे बदलायचा नाही, कराडनंतर बदलायचा.

पेठ नाका ते सातारा

हा टप्पा सरळ आहे, पण महामार्गाच्या सहापदरीकरणाची कामं असलेल्या जागी वळणरस्ते येतात, विशेषतः मलकापूर-कराड भागात. रात्री बघितलेली पाटी सकाळी दुसरीकडे असते. वेग ६० वर ठेवा, घाई पुढे करता येते. तासवडे नाका ओलांडला की दुसरा थांबा आणि नाश्ता.

नाश्ता हलका. पोहे, उपमा, इडली. मिसळ आणि वडा परतीच्या वाटेवर. मी हे कंजूषपणाने सांगत नाही. तेलकट खाल्लं की अकरा वाजता डोळे जड, आणि ती सुस्ती संध्याकाळपर्यंत पुरते.

साताऱ्याचे मित्र बरोबर असतील तर त्यांना शहरात घ्यायला जाऊ नका. बॉम्बे रेस्टॉरंट चौकात किंवा वाढे फाट्यावर उभं राहायला सांगा, पंधरा-वीस मिनिटं वाचतात. कंदी पेढेही येताना. जाताना घेतले तर गाडीतच संपतात.

खंबाटकी, आणि तिथून पुढची शांतता

आनेवाडीचा नाका, सुरूर फाटा, आणि मग खंबाटकी. पुण्याकडे जाणाऱ्यांना बोगदा, पुण्याहून येणाऱ्यांना घाट, अशी तिथली जुनी रीत. नव्या बोगद्यांच्या कामामुळे रचना बदलत राहते, तेव्हा मोबाइलवरच्या बाईपेक्षा रस्त्यावरच्या पाटीवर विश्वास ठेवा. जुन्या बोगद्यातून जाताना दिवे लावा, लेन बदलू नका. बाहेर पडल्या पडल्या उतार आणि त्यावर इंग्रजी एसच्या आकाराचं वळण आहे. अंधारातून एकदम उजेडात आल्यावर वेगाचा अंदाज चुकतो, आणि तिथे ट्रक उलटलेले मी डोळ्यांनी बघितलेत. बोगद्यातच गिअर उतरवून ठेवा.

शनिवारी सकाळी पलीकडच्या बाजूला महाबळेश्वर-पाचगणीला निघालेल्या पुणेकरांची रांग दिसेल. आपण उलट दिशेला असतो, हा सांगलीकरांचा फायदा.

शिरवळ आलं की गाडीतलं गाणं बंद. इथे लोक माझ्याशी वाद घालतात. आवडत्या गायकाला ऐकायला चाललोय, मग वाटभर त्याचंच ऐकू, असं सगळ्यांना वाटतं. मी अगदी उलट सांगतो. घरून निघाल्यापासून त्या गायकाचं काहीही लावू नका. सकाळी अभंग लावा, नाट्यपद लावा, गप्पा मारा. पण त्याचा मारवा राग चार तास गाडीत वाजला, तर संध्याकाळी मंचावर मारवा आला की तुम्ही समोरचं गाणं न ऐकता मोबाइलमधल्याशी ताडून बघत राहता. ध्वनिमुद्रण पाठ होतं, मैफल पाठ होता कामा नये. म्हणून ते आठवडाभर आधी ऐकायचं आणि सोडून द्यायचं. शिरवळपासून पुढे तर काहीच नको. काचा बंद, पंखा मंद. वाऱ्याचा आणि टायरचा आवाज चार-पाच तास ऐकलेल्या कानाला थोडी उसंत लागते. आक्का या टप्प्यात डोळे मिटून बसतात. आम्ही त्यांना हाक मारत नाही.

भीमसेनजी स्वतः गाडी चालवत गावोगावच्या मैफलींना जायचे, रात्र-रात्र. त्यांचं शरीर आणि त्यांचा रियाज वेगळा होता. आपण ऐकणारे, आपण आपलं जपायचं.

कात्रज आणि मुकुंदनगर

खेड-शिवापूरचा नाका झाला की थांबून नकाशा बघा. दोन वाटा आहेत. जुन्या कात्रज घाटाची वाट थेट कात्रज चौकात आणि तिथून सरळ स्वारगेटकडे आणते. नवी बोगद्याची वाट नवले पुलाकडे उतरते. मुकुंदनगर स्वारगेटच्या बाजूला असल्याने घाटाची वाट जवळची, पण कात्रज चौकात कोंडी असेल तर दुसरी बरी. नवले पुलाचा उतार लांबलचक आहे. तिथे गाडी न्यूट्रल टाकू नका, खालच्या गिअरवर उतरा आणि मागून येणाऱ्या कंटेनरवर आरशातून नजर ठेवा.

गाडी थेट मंडपापर्यंत नेऊ नका. मुकुंदनगरच्या गल्ल्या अरुंद, पार्किंग लवकर भरतं, आणि रात्री दहाला सगळेच एकदम निघतात. जिथे मुक्काम तिथे गाडी लावायची आणि रिक्षाने जायचं. सांगलीतल्या प्रत्येक घराचं कुणी ना कुणी पुण्यात आहेच, पण वाकडला राहणाऱ्या मुलाकडे उतरलात तर रात्री तास जाईल. सहकारनगर, बिबवेवाडी, धनकवडी या बाजूचा आतेभाऊ शोधा, नाहीतर स्वारगेटजवळचं लॉज आधी ठरवा. पिंपरी-चिंचवडकडेच उतरायचं असेल तर मेट्रो आहे. सप्टेंबर २०२४ पासून ती स्वारगेटपर्यंत येते. शेवटच्या गाडीची वेळ मात्र जाताना बघून ठेवा.

एखादी सकाळ मोकळी असेल तर गणेशखिंड रस्त्यावरच्या सवाई गंधर्व स्मारकात डोकवा. महोत्सवाच्या दिवसांत तिथे कलाकारांवरचे माहितीपट दाखवतात. पण पहिल्या दिवशी नको, पहिल्या दिवशी झोपा.

मंडपात

दार उघडायच्या पाऊण तास आधी रांगेत. एकजण सतरंजी घेऊन पुढे, बाकीचे म्हाताऱ्यांबरोबर सावकाश. जेवढी माणसं तेवढीच सतरंजी पसरायची. दहा जणांची जागा चार जणांनी अडवणं मला आवडत नाही, आणि त्यावरून भांडण होऊन सुरुवातीचा वेळ नासतो.

अगदी पुढची जागा सर्वांत चांगली, ही समजूत सोडा. ध्वनिक्षेपकाच्या भिंतीसमोर तर बसूच नका. तासाभरात कान बधिर होतात. मधोमध, पाच-सात ओळी मागे, आणि किंचित तबलजीच्या हातांच्या बाजूला. तिथून गायकाचा चेहरा आणि तबल्याचा डावा हात, दोन्ही दिसतात. समेकडे येताना त्या दोघांची नजरानजर होते, ती बघितली की ताल न कळणाऱ्यालाही सम कळते. भाच्याला मी तसाच शिकवला.

एकमेकांपासून हरवलात तर कुठे भेटायचं हे आत शिरतानाच ठरवा. गर्दीत फोन लागत नाही, पैसेही फोनवरून जात नाहीत. खिशात सुटे ठेवा. फोन बंदच करा. नुसता मूक ठेवला तरी पडदा उजळतो आणि अंधारात मागच्या दहा जणांच्या डोळ्यांत जातो. ध्वनिमुद्रण करू नका. त्याची परवानगी नसते, आणि हातात फोन धरलेला माणूस ऐकत नसतो.

उठायचं ते दोन कलाकारांच्या मधे. बाहेर खाण्याच्या ठेल्यांवर पिठलं-भाकरीला रांग लागते. आपला गायक तिसरा असेल तर दुसरा बसण्याआधी खाऊन घ्या, आपल्या गायकाच्या अगदी आधीच्या मध्यंतरात नको. त्या वेळात फक्त पाणी, बाथरूम, आणि जागेवर परत. मंच लागत असतो, तंबोरे आत येतात, त्यांच्या गवसण्या, म्हणजे कापडी खोळी, निघतात. ध्वनिव्यवस्थेची माणसं वायरी ओढत असतात, आणि त्या सगळ्या गलबल्यात एका तंबोऱ्याची पहिली तार छेडली जाते. मग दुसऱ्याची. गायक मान खाली घालून खुंटी पिळतो, सोडतो, पुन्हा पिळतो. आक्का माझ्या मनगटावर बोट ठेवतात. अजून पंचम लागला नाही, असं त्यांना सांगायचं असतं. मग तो लागतो आणि त्या बोट काढतात.

परत येणं

रात्री परतू नका. कार्यक्रम दहाला संपला तरी गर्दीतून बाहेर पडून गाडी कात्रजला पोहोचेपर्यंत साडेअकरा, आणि सांगली तीन-साडेतीनला. पहाटे दोन ते पाच हा डुलकीचा वेळ, आणि नेमका तेव्हा तुम्ही दिवे नसलेल्या ट्रॉल्यांच्या रस्त्यावर असता. नोकरीमुळे निघावंच लागलं तर दोन चालवणाऱ्यांपैकी एकाने रात्री शेवटच्या कलाकाराच्या वेळी मुक्कामावर जाऊन झोपायचं. हे दोघांपैकी कोण करणार, ते घरीच ठरवा. मंडपात कुणी तयार होत नाही. तो पहिला टप्पा साताऱ्यापर्यंत चालवेल, दुसरा तोवर मागे आडवा होईल. झोप आली तर काच उघडून, गाणं मोठ्याने लावून ती जात नाही. पेट्रोल पंपावर गाडी बंद करून वीस मिनिटं झोपा.

मुक्काम केलात तर झोपण्याआधी वहीत चार ओळी लिहून ठेवा: राग, ताल, बंदिशीचा मुखडा, म्हणजे सुरुवातीची ओळ, साथीला कोण. अण्णांची वही अशीच भरलेली आहे. सकाळी गाडीत चौघांच्या आठवणी एकमेकांत मिसळतात आणि यमनचा पूरिया व्हायला वेळ लागत नाही.

सकाळी आठनंतर निघा. येताना खंबाटकीचा घाट चढायचा असतो. भरलेले ट्रक चढावर बंद पडलेले असतात, तेव्हा मागे अंतर ठेवा. साताऱ्याला पेढे, आणि आता मिसळ खायला हरकत नाही. या वाटेवर हवं ते गाणं लावा. आमच्या गाडीत बहुतेक वेळा काहीच लावत नाहीत. कुणीतरी कालची एखादी तान गुणगुणतं, दुसरा ती दुरुस्त करतो, आणि कराड कधी आलं कळत नाही. पेठ नाक्यावर चहा घेतानाच पैशांचा हिशेब मिटवा. पेट्रोल, टोल, लॉज, चौघांत सरळ भाग. घरी गेल्यावर तो राहून जातो. पुढे आष्ट्याच्या अलीकडे उसाचे ट्रॅक्टर पुन्हा सुरू होतात, म्हणून तिथून गाडी मी घेतो आणि भाचा मागे बसतो.